इंदू कुठवर आली

डाव्या पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी अडकवून प्रमिला वाचत होती. पाय हलला की झोळी हलायची आणि झोळी हलली की भटू गप्प राहायचा. पण नुसत्या हलण्यावर तो फसत नसे, वरून आवाजही लागायचा. आवाज थांबला की झोळीच्या कापडातून आधी एक मूठ बाहेर यायची आणि मागून रडणं. अंगाई म्हणून मूल निजवावं आणि मग पुस्तक उघडावं, एवढी उसंत तिला नव्हती. म्हणून तिनं अभ्यासच मोठ्यानं करायला घेतला होता.

"'इंदुमतीने दाराची कडी हलकेच काढली आणि ती उंबऱ्यावर क्षणभर उभी राहिली. आत मूल झोपले होते...'"

इथे पेन्सिलीनं खूण करायची होती. ती थांबली.

"मंग?"

आवाज झोळीतून नव्हे, स्वयंपाकघरातून आला. तिथे अक्का, म्हणजे तिच्या सासूबाई झुंबरबाई, ज्वारीची कणी निवडत बसल्या होत्या. सुपाचा आवाजही थांबला होता.

"गई का ती?" अक्कांनी विचारलं.

"गेली," प्रमिला म्हणाली, आणि खूण न करताच पुढे वाचायला लागली.

ती पुण्याच्या विद्यापीठाच्या एम.ए.ला बसत होती. मराठी घेऊन, बाहेरून. गल्लीतल्या ताईबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी काळजीनं विचारलं होतं, बाहेरून म्हणजे कसं, इतर पोरं वर्गात आणि हिला काय अंगणात बसवतात? प्रमिला तेव्हा हसली होती. आता हसण्याचंही जिवावर येत होतं. भटूला दात येत होते. देवपुरातलं त्यांचं घर स्लॅबचं, एप्रिलमध्ये दुपारी भिंतीला हात लावला तर भाजायचा. एकच परिच्छेद ती तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा वाचताना तो नवाच वाटायचा.

बाळंतपणाआधी धरणगावच्या ज्युनियर कॉलेजात ती दोन वर्षं शिकवत होती, तात्पुरत्या जागेवर. प्राचार्य भला माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की सेकंड क्लासात एम.ए. करा, जूनमध्ये जागा तुमची. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल. फॉर्म तिनं माहेरी असताना भरला, त्यामुळे केंद्र जळगाव आलं होतं. पेपर होईतो तिथे मावशीकडे राहायचं. मावशीच्या एका खोलीत आधीच पाच माणसं. माहेरी वहिनी बाळंतीण. भटूला बरोबर नेणं शक्य नव्हतं.

म्हणजे विचारायचं एवढंच होतं, की पेपरांच्या दिवसांत भटूला कोण ठेवणार, आणि जागा मिळालीच तर जूननंतर कोण ठेवणार.

पंडित, तिचा नवरा, दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्टवर होता. क्वार्टर अजून मिळालं नव्हतं. सुटीला घरी यायचा, झोपायचा, उठून जेवायचा आणि परत झोपायचा. तो म्हणाला, अक्काला तूच विचार, मी विचारलं तर तिला हुकूम वाटेल. आणि मी विचारलं तर वाटेल, पोर टाकून चालली, असं प्रमिलाच्या मनात आलं. तिनं त्याच्या डब्यात चटणी भरली. असं करता करता विचारायचं राहूनच गेलं होतं, आणि अक्काही आपण होऊन काही बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कॅलेंडरवर पेपरच्या तारखांना प्रमिलानं लाल गोल केले होते आणि त्याच कॅलेंडरवर अक्का एकादशी बघायच्या.

कादंबरी वाचायला घेतली तेव्हा ती भटूसाठीच मोठ्यानं वाचत होती. अक्का ऐकताहेत हे कळलं तेव्हा निम्मी झाली होती. इंदुमती नावाची बाई सासरचं घर आणि पाळण्यातलं मूल मागे ठेवून पुण्याला नर्सिंग शिकायला जाते, अशी ती गोष्ट. शेवट प्रमिलाला गाइडमधून आधीच माहीत होता. काही वर्षांनी इंदुमती रेल्वेनं आपल्या गावावरून जाते. गाडी थांबते. फलाटावर तिचा मुलगा दुसऱ्या एका बाईचं बोट धरून उभा असतो. इंदुमती उतरत नाही. 'नायिका गाडीतून का उतरत नाही, याची मीमांसा करा' हा प्रश्न सात-आठ वर्षांत कितीतरी वेळा येऊन गेला होता, आणि गाइडात त्याचं उत्तर सहा मुद्द्यांत होतं.

हा शेवट आता रोज थोडा थोडा घराजवळ येत होता.

अक्का रोज दुपारी विचारायच्या, इंदू कुठवर आली. इंदुमती हे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी मोडून आपल्या तोंडापुरतं केलं होतं. वाचताना त्या मध्ये बोलत नसत. फक्त इंदूच्या नवऱ्यानं पत्राला उत्तर दिलं नाही त्या दिवशी त्यांनी सुपातला खडा जरा जोरात दाराबाहेर भिरकावला.

बिबड्यांचा दिवस ठरला. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, थापतात. त्या दिवशी पाळी अक्कांची होती. पहाटेपासून चुलीवर मोठ्या पातेल्यात पीठ शिजत होतं. प्रमिला भटूला कडेवर घेऊन पाण्याचा तांब्या फिरवत होती. थापता थापता ताईबाईंनी तिला जवळ बोलावलं, ओल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि आवाज खाली आणून विचारलं.

"तुन्ही ती बहीण, पुन्यानी. तिन्हं काय झायं मंग?"

प्रमिलाला पुण्याला बहीण नव्हती. ती तसं म्हणालीही. ताईबाईंनी समजुतीनं मान हलवली. घरची गोष्ट लपवावी लागते, हे त्यांना कळत होतं.

"नको सांगू. पन झुंबरनी सांगं आमले. इंदू. पोऱ्याले टाकीसन गई." आणि मग, बिबडी कडेनं नीट करत, कोणालाच उद्देशून नसल्यासारखं, "शिकेल बाया अश्याच ऱ्हातस."

शेजारच्या दोघी-तिघींनी प्रमिलाकडे पाहिलं. तिच्याकडे, मग भटूकडे, मग खाली पिठाकडे. तिला उमगलं, की हे पाहणं आजचं नाही. गेले काही दिवस नळावर, दळणाच्या रांगेत बायका तिच्याशी जे अधिकच हळू बोलत होत्या, ते यामुळे.

बायका गेल्यावर तिनं अक्कांना विचारलं, तुम्ही त्यांना सांगितलं नाही का, की हे पुस्तकातलं आहे?

अक्का पातेलं खरवडत होत्या. "पुस्तकनी बाई शे असं सांगं असतं, तं कोनी ऐकं असतं का?"

एवढं बोलून त्यांनी खरवड वाटीत काढली, तिच्यावर तेल सोडलं आणि वाटी प्रमिलापुढे सरकवली. तिनं खाल्ली. चव लागली नाही. ताईबाईंचं वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. अक्कांनी ते ऐकलं होतं. ऐकून काही म्हणाल्या नव्हत्या.

शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवशी आलं. गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या सावलीत अक्का बिबड्या राखत बसल्या होत्या, भटू त्यांच्या मांडीवर. वाचलं नाही तर त्या विचारणार, आणि वाचलं तर. प्रमिलानं पुस्तक उघडलं. गाडी स्टेशनात शिरली. फलाटावरचा कंदील, चहावाला, दुसऱ्या बाईच्या बोटाला धरलेला मुलगा, हे सगळं तिनं जसं होतं तसं वाचलं. पान उलटलं. उरलेल्या दहा-बारा ओळींवर तिचे डोळे फिरत राहिले आणि तोंड वेगळंच बोलायला लागलं.

इंदुमतीनं गाडीचा दांडा धरला. पायरीवर पाय ठेवला. उतरली. मुलगा तिच्याकडे बघत राहिला, मग बोट सोडून धावत आला. ती फार थकली होती, म्हणून खालीच बसली. प्रमिला हे सगळं पुस्तकाच्या भाषेत सांगत होती, 'धरला' आणि 'ठेवला' आणि 'क्षणभर'. मुलगा काय म्हणाला तेही तिनं सांगितलं. मग पुस्तक मिटलं.

"बरं झायं," अक्का म्हणाल्या. भटूला त्यांनी तिच्याकडे दिलं आणि कावळा हाकलायला उठल्या.

पुढले दिवस तिनं व्याकरण केलं, काव्यशास्त्र केलं, भाषाविज्ञानाचे तक्ते केले. डोळा लागून ती पुस्तकावरच कलायची आणि गालावर बाइंडिंगचा वळ घेऊन उठायची. जागी असताना ती अक्कांवर नजर ठेवून असे. अक्कांनी भटूला दुधात कुस्करलेली भाकरी भरवायला सुरुवात केली होती, दिवसातून दोनदा, आणि मग तीनदा. एकदा कडुनिंबाचा पाला वाटून वाटीत ठेवला आणि ती वाटी प्रमिलाच्या हाताला लागेल अशी खिडकीत ठेवून दिली. अंगावरचं दूध तोडायला बायका तो लावतात. प्रमिला वाटीकडे बराच वेळ बघत राहिली. ही मदत आहे, की पोर आपल्याकडे वळवून घेणं आहे, की नुसतंच उन्हाळ्यात मूल सुकतं म्हणून? तिनं पाला लावला. भटूनं तोंड वेडंवाकडं केलं, तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान फिरवली, आणि मग तो रांगत अक्कांकडे गेला.

त्या संध्याकाळी तिची छाती दगडासारखी झाली होती आणि ताप आला होता. अक्कांनी कोबीची पानं बांधायला दिली. का, कशाला, कधी निघणार, एक शब्द नाही.

जायच्या आदल्या दुपारी ती पिशवी भरत होती. दोन पातळं, पेन, हॉल तिकीट, गाइड. कादंबरी वर ठेवली, तेव्हा दारात अक्का उभ्या होत्या. भटू झोळीत झोपला होता. आता तो आवाजाशिवायही झोपायचा.

अक्का येऊन खाली बसल्या.

"आते खरं वाच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेवटलं. पुस्तकमा शे ते."

प्रमिलाचा हात पिशवीतच राहिला. तिनं म्हणून पाहिलं, की वाचलं होतं ना त्या दिवशी. अक्कांनी तिला बोलू दिलं. मग डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या,

"पुस्तकना पोऱ्या 'माय उनी' म्हणस का कधी?"

प्रमिलाला आधी कळलंच नाही. मग गच्ची आठवली, ऊन आठवलं, आणि आपलाच आवाज ऐकू आला. इंदुमतीचा मुलगा धावत आला आणि म्हणाला, माय उनी. 'आई आली' असं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाली म्हणून पोरं हसली होती, तेव्हापासून तिच्या तोंडात अहिराणी उरली नव्हती. माहेरी नाही, इथे नाही, भटूशीसुद्धा नाही. अक्का अहिराणीत विचारायच्या आणि ती पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायची. सुरुवातीला अक्का त्यावरून तिला 'बाई' म्हणायच्या, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

"पेपरमा तसं लिखजो नको," अक्का म्हणाल्या. "नापास करतीन."

प्रमिलानं कादंबरी बाहेर काढली. शेवटचं पान काढायला तिला वेळ लागला. मग तिनं वाचलं, यावेळी एक शब्द इकडचा तिकडे न करता. गाडी थांबली. मुलगा बोट धरून उभा होता. इंदुमतीने खिडकीची काच खाली ओढली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली आणि तीत फलाट पुसट झाला. गाडी हलली. संपलं.

रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटी गेली. अक्का जमिनीकडे बघत होत्या. काही म्हणतील म्हणून प्रमिला थांबली. गाइडातले सहा मुद्दे तिच्या डोक्यात एकामागून एक येऊन गेले आणि त्यातला एकही अक्कांना सांगावासा वाटला नाही.

"गाडी कितला येळ थांबनी?" अक्कांनी विचारलं.

प्रमिलानं पान परत पाहिलं. आधीचंही पाहिलं.

"ते लिहिलेलं नाही."

"लिखाले पाहिजे व्हतं," अक्का म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या आणि पाणी भरायला गेल्या.

विचारायचं ते आता विचारायला हवं होतं. यापेक्षा बरी वेळ येणार नव्हती. प्रमिला त्यांच्या मागोमाग मोरीपर्यंत गेली. अक्का हंडा घासत होत्या. ती दाराशी उभी राहिली, आणि अक्कांनी मान वर केली तेव्हा तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, की मी घासते, द्या. अक्कांनी हंडा दिला.

सकाळी पहिल्या बसनं जायचं होतं. भटू उठण्याआधी निघ, असं अक्काच म्हणाल्या, पण पिशवीच्या चेनचा आवाज झाला आणि तो उठला. अक्कांनी त्याला कडेवर घेतलं आणि त्याही गल्लीच्या तोंडापर्यंत निघाल्या. पुलापलीकडे स्टँडवर जायला रिक्षा तिथेच मिळायची. प्रमिला पिशवी सावरत पुढे चालली होती. मागे वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. रात्रभर तिला वाटत होतं, की अक्का आता म्हणतील, नको जाऊ. म्हणाल्या असत्या तर ती थांबली असती, पिशवी खुंटीला लावली असती, आणि पुढे आयुष्यभर सांगत बसली असती की मला जाऊ दिलं नाही. अक्का म्हणत नव्हत्या.

ताईबाई दारात सडा टाकत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

"कोठे चालनी सून?"

"जयगाव," अक्का म्हणाल्या. "परीक्षा शे."

"आन् पोऱ्या?"

प्रमिला उभी राहिली. तिला पुढे रिक्षा दिसत होती, रिक्षावाला सीट पुसत होता. ताईबाईंची नजर तिच्या पाठीवरून पिशवीवर आली असणार, हे तिला न बघताही समजत होतं.

"पोऱ्या कोठे जाई?" अक्का म्हणाल्या. "घर शे. तिले धरणगावले नोकरी लागी, तवय बी आठेच राही."

भटू नोकरी लागल्यावरही इथेच राहणार, इतकं सरळ, जणू हे केव्हाच ठरलं होतं आणि ताईबाईंनाच तेवढं सांगायचं राहिलं होतं. प्रमिलानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त फार झोप आल्यासारखं वाटलं, तिथेच, ओल्या सड्यावर बसून घ्यावं इतकी.

ताईबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी गेल्या पंधरवड्यात सगळी गल्ली विचारत होती तेच विचारलं.

"आन् ती? इंदू? कोठलोंग उनी?"

"उनी घर," अक्का म्हणाल्या.

"उतरनी गाडीमाईन?"

"मंग काय. उतरनी."

"पोऱ्यानी वळखं तिले?"

प्रमिला वळली. अक्का ताईबाईंकडेच बघत होत्या, तिच्याकडे नाही. भटू त्यांच्या खांद्यावरचा पदर तोंडात घालून चघळत होता. अक्कांनी तो त्याच्या तोंडातून काढला, ओला भाग बोटांनी पुसला, आणि परक्या घरचं भांडं जपून धरावं तसे दोन शब्द तोंडात धरले.

"'आई आली' म्हणना," त्या म्हणाल्या. "'आई आली' म्हणना, आन् पळत उना."

ताईबाईंनी सुस्कारा सोडला. देव पावला, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून त्यांनी बादली उचलली आणि उरलेलं पाणी अंगणात उडवलं.

"जा," अक्का प्रमिलाला म्हणाल्या. "रिक्षा चालनी जाई."

ती रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं विचारलं, स्टँडवर का? तिनं मान हलवली. पुलावर वारा लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पातळ पुढून दुधानं भिजलं आहे. तिनं पिशवी उचलून छातीशी धरली आणि नदीकडे बघत पहिल्या पेपरचे मुद्दे मनात म्हणायला सुरुवात केली.